वेळ कुठे मोजली

पन्नासपैकी चौदा. तेही हिरव्या शाईत, गोल करून.

मी म्हटलं, "सर, हा पेपर माझा नाही."

तांबोळी सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पहिल्या पानावरचं नाव बोट ठेवून वाचलं. "उज्ज्वला चौगुले. तू दुसरी कुणी आहेस का?"

मागच्या बाकांवर खसखस पिकली. माझं डोकंच फिरलं. बीएच्या शेवटच्या वर्षाला माध्यम अभ्यास घेतलेले आम्ही बावीस जण, त्यात पहिल्या दिवसापासून मी पहिली. कॉलेजचं भित्तिपत्रक मी काढत होते. बाकीच्यांना मथळा कशाशी खातात ते मी शिकवत होते. आणि पास व्हायला वीस लागत असताना मला चौदा.

परीक्षा अशी होती की गावात हिंडून एक खरी बातमी स्वतः शोधायची आणि लिहून द्यायची. सरांची त्यातली पद्धत दुसऱ्या कुठल्या कॉलेजात असेल असं मला वाटत नाही. ते समासात शेरे लिहून पेपर परत द्यायचे आणि प्रत्येक शेऱ्याखाली आपण उत्तर लिहायचं. नुसतं 'चूक झाली' चालायचं नाही. का झाली, आता काय करणार, तेही लिहायचं. हवं तर बातमी पुन्हा लिहून द्यायची. हे सगळं वाचल्यावरच ते गुण तक्त्यात भरायचे. पोरं त्याला उलटतपासणी म्हणायची.

माझी बातमी पाण्याची होती. आमच्या त्या तालुक्याच्या गावात नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. कासार गल्ली आणि टेकगल्ली या दोन शेजारच्या गल्ल्या. दोघींचा पाण्याचा दिवस एकच, आणि दोघींना पाणी सोडायची चावी एकाच चौकात, लोखंडी झाकणाखाली. पालिकेच्या बोर्डावर दोन्ही गल्ल्यांना पाऊण-पाऊण तास लिहिलेला होता. मी चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात बसून अठरा दिवसांत नऊ वेळा घड्याळ लावून बघितलं होतं. कासार गल्लीला पाऊण तास. टेकगल्लीला सव्वा तास. आणि टेकगल्लीत कोण राहतं, तर नगरसेवक. मला अगदी सोनं सापडल्यासारखं झालं होतं. 'नगरसेवकाच्या गल्लीला सव्वा तास पाणी. चावीवाल्याची मनमानी' असा मथळा दिला होता. पाणी सोडणारा पालिकेचा माणूस रघुनाथ ऐवळे, त्याचं नाव, वय, सगळं बातमीत होतं. शेवटी झोकात लिहिलं होतं, 'या प्रकाराबद्दल नागरिकांतून तीव्र संताप व्यक्त होत आहे.'

सरांनी त्या ओळीखाली दोनदा रेघ ओढली होती. समासात लिहिलं होतं, 'संतप्त नागरिकांपैकी दोघांची नावे?' त्याच्या वर, 'ऐवळे यांचे म्हणणे?' आणि आकड्यांपाशी, 'वेळ कुठे मोजली?'

मी जरा तोऱ्यातच सांगितलं की चावीपाशी मोजली, सेकंदाचाही फरक नाही. सर नुसते "बरं" म्हणाले. मग मी म्हटलं, संताप तर असणारच की सर, कुणाला येणार नाही? दोन काय, वीस नावं आणते.

"आण की," सर म्हणाले. "सोमवारपर्यंत वेळ आहे. आणि त्या ऐवळेला भेट. नाव छापायचं म्हणजे एका माणसाच्या भाकरीचा प्रश्न असतो, उज्ज्वला. ही अजून कुठल्या पेपरला दिली नाहीस ना?"

"नाही सर," मी म्हणाले.

दिली होती. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, छापून येणार होती. जिल्ह्याच्या दैनिकाचं तालुका पान काढणारे शिरगुप्पे काका, त्यांच्या मागे मी सहा महिने लागले होते. ते म्हणाले होते, एक दणदणीत बातमी आण, नावासकट छापतो आणि वार्ताहराचं कार्ड देतो. ते कार्ड मला का हवं होतं ते सांगते. मी गावाकडची, मामाकडे राहून शिकत होते. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बजावून ठेवलं होतं की परीक्षा झाली की घरी यायचं, मे महिन्यात बघायला मंडळी येणार आहेत. पेपरात नोकरी लागली तर मात्र बघू, असं ते एकदा, फक्त एकदा, चहा पिता पिता म्हणाले होते. मी तेवढ्या एका वाक्याला धरून वर्ष काढलं होतं.

तालुका पान दुपारी चार वाजता जिल्ह्याला जायचं. वर्ग सुटला तेव्हा पावणेबारा झाले होते. मी पेपर पिशवीत कोंबला आणि तडक कासार गल्ली गाठली. खरं सांगायचं तर सत्य शोधायला बिलकूल गेले नव्हते. सरांच्या नाकावर टिच्चून वीस नावं आणायची, एवढंच डोक्यात होतं.

तो मंगळवार पाण्याचा दिवस होता. साडेबाराला नळ आले. बांगड्यांचं दुकान असलेले एक काका दारातली पायरी पाण्याने धूत होते. मी वही काढली आणि विचारलं, तुम्हाला पाऊण तासच पाणी मिळतं, त्या वरच्यांना सव्वा तास, याबद्दल तुम्हाला काय वाटतं?

काका म्हणाले, काय वाटायचंय? आमचं अर्ध्या तासात सगळं भरून होतं, बघा की, आता पायरी धुतोय, मग स्कूटर धुणार.

"पण हा अन्याय नाही का?" मी म्हटलं.

"अन्याय म्हणजे डुकरं," ते म्हणाले. "नाव लिहून घ्या माझं, काही हरकत नाही, पण डुकरांबद्दल लिहा. रोज कुंडी पाडतात."

पुढच्या घरात तेच, त्याच्या पुढच्या घरातही तेच. एक बाई म्हणाली, संताप आहे की, पण सासूबद्दल आहे, तो लिहिता का? मला हसू आलं नाही. सात घरं झाली आणि वहीत एकही नाव नव्हतं. एका नळाखाली बादली लावली होती ती माझ्या देखत मिनिटभरात भरून वाहायला लागली. ते मी बघितलं, आणि बघूनही पुढे चालू लागले. टेकगल्लीत तरी नगरसेवकाबद्दल कुणीतरी बोलेल, अशी माझी समजूत.

सव्वाला चौकात पोचले तेव्हा रघुनाथ ऐवळे तिथेच होता. पन्नाशीचा, काटक, खाकी शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेला. त्याने झाकण उचललं, लांब दांड्याची लोखंडी चावी आत घातली, सगळा जोर लावून फिरवली. कासार गल्लीचं पाणी बंद केलं, टेकगल्लीचं उघडलं. मी दहा पावलांवर उभी होते. नुसतं "अहो, जरा थांबा" म्हणायचं होतं. पण त्याला विचारायचं म्हणजे सरांचं बरोबर, आणि माझं चौदा गुणांचं. मी तोंड उघडलं नाही. तो सायकलला चावी बांधून दुसऱ्या चौकाकडे निघून गेला.

टेकगल्ली नावाप्रमाणे टेकावर आहे. मी रोज खालूनच बघत आले होते. वर चढून जायचं झालं तेव्हा अर्ध्यात दम लागला, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. पहिल्याच घरापुढे एक म्हातारी घागरी मांडून नळाशी उकिडवी बसली होती. सुलाबाई मगदूम. मी कॉलेजच्या अभ्यासासाठी माहिती घेतेय असं सांगितलं. तिने मला बसायला पाट दिला.

"पाणी आलं नाही का अजून?" मी विचारलं. एक वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

"येतंय. सावकाश येतंय आमच्यात." तिने नळाला हात लावून दाखवला. नळातून नुसता वारा येत होता, सूं सूं करत.

मी घड्याळ बघत बसले. दीड झाला. एक पस्तीस. गल्लीत प्रत्येक दारात एक बाई अशीच नळाशी बसलेली, आणि सगळ्या गल्लीत तो वाऱ्याचा आवाज. एक त्रेचाळीसला नळाने दोनदा खाकरल्यासारखं केलं आणि करंगळीएवढी धार लागली. चावी फिरवल्यापासून अठ्ठावीस मिनिटांनी. सुलाबाईने बादली लावली. ती भरायला सहा मिनिटं लागली. मी दुसरी बादलीही मोजली, तिलाही सहा.

हिशेब करायला कागद लागला नाही. सव्वा तासात इथे जेमतेम सात बादल्या. बोर्डाप्रमाणे पाऊण तासात बंद केलं तर तीनसुद्धा नाहीत. मी नऊ वेळा घड्याळ लावून बसले होते ते चावीपाशी. नळापाशी एकदाही नाही.

"आणि नगरसेवक?" मी विचारलं.

"त्यांच्या घरात बोअर हाय. त्यास्नी काय करायचाय नळ?" सुलाबाई म्हणाली. "ह्यो रघू हाय म्हणून आमचं चाललंय बघ बाई. बोर्डावर पाऊण तासच लिवलाय. त्यो आपल्या जिवावर जास्तीचं सोडतोय. इंजिनेरला धा येळा सांगून आला, चढ हाय, येळ वाढवून द्या. कोण ऐकतंय?"

"त्याला कुणी काही म्हणत नाही?"

"कुणाला ठावंच न्हाई तर कोण म्हणंल? अकरा वर्सं रोजंदारीवर राबतोय. आता ह्या शुक्रवारी कायम व्हायच्या यादीवर सही हाय म्हणं. होऊ दे बाई. लई चांगला माणूस हाय."

अडीचला धार बंद झाली तेव्हा मी उठले. ती चहा ठेवते म्हणाली, मी नको म्हटलं. टेकावरून खाली उतरले तेव्हा पावणेतीन झाले होते. बातमी छापून आली की शुक्रवारी त्या यादीचं काय होणार हे सांगायला पत्रकार असायची गरज नव्हती. आणि ती थांबवायला माझ्याकडे सव्वा तास होता. बरोबर सव्वा तास, ते तेव्हाही माझ्या लक्षात आलं आणि मला स्वतःची शिसारी आली.

शिरगुप्पे काकांचं कार्यालय म्हणजे एका खानावळीच्या वरची खोली. मी जिना चढताना वाक्य पाठ करत होते. 'काका, बातमी चुकीची आहे, काढा.' सहा शब्दसुद्धा नव्हते. दारातून आत गेले तर काका संगणकासमोर बसले होते आणि पडद्यावर माझं पान लावलेलं होतं. वर चार कॉलम मथळा. त्याखाली ठळक अक्षरात, उज्ज्वला चौगुले.

"ये, ये," ते म्हणाले. "बघ, पानाची मुख्य बातमी केलीय. आणि हे घे." त्यांनी खणातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. माझा फोटो, सही, शिक्का, वरून लॅमिनेशन. फोटोत मी गंभीर चेहरा केला होता, पत्रकारासारखा.

मी म्हटलं, "काका, एक सांगायचं होतं. टेकगल्लीत पाणी उशिरा चढतं म्हणे."

"म्हणे म्हणजे? कोण म्हणतं?"

"तिथल्या बायका."

त्यांनी खुर्ची फिरवली. शिरगुप्पे काका वाईट माणूस नव्हते. रोज एक रिकामं पान भरायचं त्यांच्या मानेवर होतं, एवढंच. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुझे आकडे खरे आहेत का?"

"खरे आहेत."

"बोर्डावर पाऊण तास लिहिलंय?"

"लिहिलंय."

"त्याने सव्वा तास सोडलं, हे तू डोळ्यांनी बघितलंस?"

"बघितलं."

"मग खोटं काय आहे यात? चढबिढ असेल तर पालिका खुलासा देईल, तोही छापू. बातमी दोन दिवस चालेल." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेतीन होत आले होते. "काढायची असेल तर आत्ता सांग. पण मग या चार कॉलमांत मी काय घालू ते तूच दे. आणि बातमी देऊन ऐनवेळी तोंडावर पाडणारा वार्ताहर मला नको, हे पण ऐकून ठेव."

आता बोलायचं होतं. मी नळापाशी बसून बघितलंय, अठ्ठावीस मिनिटं नुसता वारा येतो, तो माणूस शुक्रवारी कायम होणार आहे. तीन वाक्यं. खालून खानावळीतला फोडणीचा वास येत होता आणि मी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. समोर कार्ड होतं. मे महिना सहा आठवड्यांवर होता. मी कार्डाकडे बघत होते, काका माझ्याकडे बघत होते.

"माझं नाव तेवढं काढा," मी म्हणाले.

"का गं?"

"घरी आवडायचं नाही. पालिकेशी वाकडं घेतलं म्हणतील."

काका हसले. एवढंच होय, म्हणाले. त्यांनी दोन बटणं दाबली, माझं नाव गेलं आणि तिथे 'आमच्या वार्ताहराकडून' आलं. कार्ड मात्र ने, म्हणाले, बातमी तर तुझीच. मी ते घेतलं. परत जाऊन ठेवावं असं जिन्यात वाटलं होतं, असं सांगितलं तर ते खोटं होईल. जिन्यात मला फक्त सुटल्यासारखं वाटलं होतं. लाज दुसऱ्या दिवशी पेपर बघून वाटायला लागली आणि ती अजून वाटते.

बुधवारी बातमी आली. मी मामींना पोट बिघडलंय सांगून घरातच बसले, कॉलेजला गेलेच नाही. गुरुवारी मुख्याधिकाऱ्यांनी ऐवळेला बोलावलं. शुक्रवारी यादीवर सही झाली, त्यात त्याचं नाव नव्हतं. शनिवारी सकाळी त्याला आजपासून येऊ नका म्हणून सांगितलं. हे सगळं मला मामाकडून कळत होतं, मामा पालिकेसमोरच्या पतसंस्थेत होता. चहा पिता पिता तो सांगायचा आणि म्हणायचा, बरं झालं, माजले होते लेकाचे.

त्याच दिवशी आणखी एक झालं. नव्या चावीवाल्याने बोर्डावर लिहिल्याप्रमाणे बरोबर पाऊण तासाने चावी बंद केली. टेकगल्लीच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन पालिकेवर गेल्या. सुलाबाई सगळ्यात पुढे होती. त्यांनी निवेदन दिलं, खाली एकोणतीस सह्या आणि अंगठे. मला हवी होती ती संतप्त नागरिकांची नावं आता मिळाली होती. सरांना वीस सांगितली होती, नऊ जास्तच आली.

सोमवारी शेऱ्यांची उत्तरं द्यायची होती. 'ऐवळे यांचे म्हणणे?' हा शेरा मोकळा राहिला तर बातमी पुन्हा लिहून उपयोग नव्हता, मी नापास. म्हणून रविवारी सकाळी मी त्याच्या घरी गेले. हो, म्हणून गेले. माफी मागायला गेले असते तर आज ही गोष्ट वेगळी सांगितली असती.

पाण्याच्या टाकीमागे त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. तो दारातच सायकल पुसत होता. मी नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं.

"तुम्हीच व्हय?" तो म्हणाला आणि मला वाटलं, याला कळलंय. मग त्याने बायकोला हाक मारली. "अगं, चहा टाक. सुलामावशी सांगत होती त्या ताई आल्यात."

सुलाबाईने त्याला सांगितलं होतं की एक कॉलेजची पोरगी येऊन नळापाशी बसली होती, घड्याळ लावून तिने सगळं बघितलंय. तिला गाठ, ती खरं लिहील. तो दोन दिवस मला शोधत होता. कॉलेजच्या फाटकापर्यंत येऊन गेला होता, पण नाव माहीत नव्हतं म्हणून कुणाला विचारणार, असं म्हणाला.

मी वही काढली. त्याने सगळं समजावून सांगितलं. पाइप किती इंची आहे, कुठपासून चढ लागतो, आधी आतला वारा कसा बाहेर पडावा लागतो. किती वर्षांपूर्वी त्याच्या लक्षात आलं, कोणत्या इंजिनिअरला किती वेळा सांगितलं. मी शेवटी विचारलं, मुख्याधिकारी काय म्हणाले?

"म्हणले, बोर्डावर पाऊण तास असताना सव्वा तास कुणाच्या परवानगीनं सोडलं? मी म्हटलं, साहेब, चढ हाय. म्हणले, लेखी हाय का? लेखी कुठनं असणार ताई? तोंडीच सांगत हुतो की अकरा वर्सं." तो पुन्हा सायकल पुसू लागला. "त्यांचंबी चूक न्हाई. पेपरात आल्यावर त्यास्नी काहीतरी करायलाच लागतंय."

त्याची बायको चहा घेऊन आली. बशीत दोन बिस्किटं होती, ती तिने माझ्या बाजूला सरकवली. मी चहा प्यायले.

"एक विचारू का ताई?" तो म्हणाला. "तुम्ही पेपरचंच शिकताय. ही बातमी कुणी लिवली ते कळंल का? भांडायचं न्हाई मला. नुसतं म्हणायचं हुतं, एकदा वर येऊन बघायचं हुतंस बाबा."

मी वही मिटली. त्याची बायकोही माझ्याकडे बघत होती. "बातमीवर नाव नाही," मी म्हणाले. "नाही कळणार."

"मग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

त्या रविवारी मी बातमी पुन्हा लिहिली. आयुष्यात एवढी चांगली बातमी मी त्याआधी लिहिली नव्हती आणि पुढेही क्वचितच लिहिली असेल. दोन्ही नळांवरचे आकडे, ऐवळेचं म्हणणं, सुलाबाईचं म्हणणं, निवेदनावरची नावं. 'तीव्र संताप' हे शब्द कुठेही नव्हते. सोमवारी सकाळी ती घेऊन आधी शिरगुप्पे काकांच्या जिन्यापर्यंत गेले. अर्धा जिना चढले. वरून त्यांचा फोनवर बोलण्याचा आवाज येत होता. मी तशीच उतरले आणि कॉलेजला जाऊन ती सरांच्या टेबलावर ठेवली.

मंगळवारी सरांनी वर्ग सुटल्यावर मला थांबवून घेतलं. पेपर समोर ठेवला. त्रेचाळीस. समास जवळजवळ कोरा होता. शेवटच्या पानावर मात्र, अगदी तळाशी, एक हिरवा शेरा होता. सर रोज सकाळी चार पेपर वाचायचे, आणि माझी वाक्यं त्यांनी तीन वर्षं तपासली होती. नाव काढल्याने त्यांच्यापासून काय लपणार? त्यांनी लिहिलं होतं, 'बुधवारची बातमी तुझी होती, हे ऐवळे यांना सांगितलेस का?'

"उत्तर लिही," सर म्हणाले. "मग गुण भरतो." त्यांनी आपलं पेन मला दिलं आणि खिडकीकडे तोंड करून बसले. मी लिहीत असताना बघायचं नाही, एवढं सौजन्य त्यांच्याकडे होतं.

खालच्या मैदानावर कसली तरी प्रॅक्टिस चालली होती, शिट्टी वाजत होती. मग त्या शेऱ्याखाली मी एकच शब्द लिहिला. हो.

सरांनी तो वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अवघड गेलं असेल," ते म्हणाले.

"हो सर," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तीन वर्षांत त्यांनी कुणाच्या डोक्यावर हात ठेवलेला मी बघितला नव्हता. मग तक्ता पुढे ओढून माझ्या नावापुढे त्रेचाळीस लिहिले. वर्गात ते सगळ्यात जास्त होते.